मुठेच्या काठावरचा एक किलोमीटर : नदीसंवर्धनात नव्याने येणाऱ्यांसाठी

पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. करत असताना वन्यजीवांचा अभ्यास म्हणजे ताडोबा किंवा मेळघाट, अशीच माझी समजूत होती. पुण्यात विठ्ठलवाडीजवळ मुठेच्या काठी सुटीच्या सकाळी जमणाऱ्या नागरिकांच्या गटात मी गेले, ती केवळ प्रबंधासाठी घरापासून जवळची जागा हवी होती म्हणून.

पहिल्याच हिवाळ्यात येरवड्याच्या बाजूला मुळा-मुठेच्या पात्रात शेकाट्यांचे, म्हणजे लांब पायांच्या पाणपक्ष्यांचे, मोठे थवे पाहून नदी सुधारत असल्याचा निष्कर्ष मी वहीत लिहून टाकला. गटातल्या एका ज्येष्ठ पक्षिनिरीक्षकांनी तो वाचला आणि शांतपणे विचारले, “हे खातात काय, ते पाहिलंस का?” मैलापाण्याच्या गाळात वाढणाऱ्या अळ्यांवर शेकाट्यांचे उत्तम भागते, त्यामुळे त्यांची गर्दी वाढणे ही बहुधा प्रदूषणाचीच खूण असते. याउलट ‘नदी सुरय’ या पक्ष्याला मासे असलेले खुले पाणी आणि अंडी घालायला वाळूची किंवा खडकाची निवांत बेटे लागतात. म्हणून एकूण पक्षी किती यापेक्षा कोणता पक्षी कशासाठी आला आहे, हे लिहायला शिकावे.

त्यानंतर मी एकच किलोमीटर निवडला आणि दर पंधरवड्याला, सूर्योदयानंतरच्या त्याच तासात, त्याच दिशेने चालत नोंदी केल्या. एकही पक्षी दिसला नाही तर तीही नोंदच असते, हे पटायला मला वेळ लागला. खडकवासला धरणातून पाण्याचा विसर्ग सुरू आहे की नाही, हे रकान्यात लिहिले नाही तर पावसाळ्यातल्या आकड्यांना काही अर्थ राहत नाही.

सर्वांत महाग पडलेला धडा स्वच्छतेचा होता. जूनमध्ये आम्ही मोठ्या उत्साहाने प्लास्टिकबरोबर काठावरचे पाणकणीस हे उंच पाणगवतही उपटले, आणि पांढऱ्या छातीच्या पाणकोंबडीचे घरटे उघडे पडल्यावर आमचे डोळे उघडले. जलपर्णी काढणे निराळे. पाणकणीस आणि काठावरची वाळुंजाची झाडे मात्र माती धरून ठेवतात आणि आसराही देतात. छायाचित्रात ‘स्वच्छ’ दिसणारा काठ पुष्कळदा ओसाड असतो, हे माझे मत त्या दिवसापासूनचे आहे.

नोकरीचा विचार करणाऱ्यांनी पक्ष्यांइतकेच नकाशे वाचायला शिकावे. 25 वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची निळी रेषा आणि 100 वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची लाल रेषा यांतला फरक वॉर्डाच्या बैठकीत समजावून सांगता आला, तर तुमचे म्हणणे ऐकले जाते. परिसरशास्त्रज्ञ प्रकाश गोळे यांनी स्थापन केलेल्या पुण्यातल्या इकॉलॉजिकल सोसायटी या संस्थेच्या अभ्यासक्रमाचे नाव मला अशाच एका बैठकीत कळले. या क्षेत्रातली कामे बरीचशी प्रकल्पापुरती असतात, पगार थांबून थांबून येतो, आणि घरच्यांना ते आधीच सांगितलेले बरे.

काठावर गळ टाकून बसणाऱ्या काकांशी बोलायला मी सहा महिने लावले, तो संकोच तुम्ही करू नका. पूर्वी इथे मरळ मिळायची, आता गळाला बहुतेक बाहेरून आलेली चिलापीच (तिलापिया) लागते, हे मला प्रथम त्यांनीच सांगितले. महागडा कॅमेरा नंतर घेता येईल; आधी 8×42 ची (आठपट मोठे दाखवणारी, 42 मिमी भिंगाची) दुर्बीण आणि गमबूट घ्या, धनुर्वाताचे इंजेक्शन घेतलेले असू द्या, आणि पायाला जखम असेल तर पुरानंतरच्या चिखलात उतरू नका.