बघितलं, पण बाइक दिसलीच नाही: फोर-व्हीलर चालवताना या चुका टाळा

मागच्या पावसाळ्यात पनवेलहून येत होतो, एक्सप्रेसवे संपला, किवळ्याला खाली उतरलो आणि पुढं रावेतच्या बाजूला उजवीकडे वळायचं होतं. थांबलो, समोर बघितलं, रस्ता मोकळा वाटला, फर्स्ट टाकला आणि गाडी घातली. अर्ध्या वळणात असताना समोरून ब्रेक करकचल्याचा आवाज आला आणि बघतो तर एक विशीतला पोरगा, काळं जर्किन, काळी स्प्लेंडर, बायको बसली होती त्या दारापासून हातभर अंतरावर तिरका होऊन थांबलेला. थरथरत होता बिचारा. हेल्मेटची काच वर केली आणि एवढंच म्हणाला, "काका, तुम्ही माझ्याकडं बघितलंत की!"

खरं होतं ते. मी त्याच्याच दिशेला बघितलं होतं. वीस वर्षं गाडी चालवतोय, मोबाइल खिशात होता, घाई पण नव्हती, आणि तरीही मला तो दिसलाच नाही. अपघातानंतर लोक म्हणतात ना "साहेब, तो दिसलाच नाही हो", मला आधी ती पळवाट वाटायची. आता नाही वाटत. बरेचदा ते अगदी खरं असतं, आणि म्हणूनच "नीट लक्ष देऊन चालवा" एवढं सांगून भागत नाही, बघायची पद्धतच बदलावी लागते.

2022 या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यावर 1,68,491 माणसं गेली, त्यातली 74,897 टू-व्हीलरवरची. सगळेच काही कुणाला न दिसल्यामुळे गेले असं नाही, खड्डे, स्पीड, दारू, हेल्मेट नसणं सगळं आहे त्यात. पण अमेरिकेत लॉस एंजेलिसमध्ये 900 बाइक अपघातांची जागेवर जाऊन तपासणी झाली होती, 1981 चा तो हर्ट रिपोर्ट, त्यात बाइक आणि दुसऱ्या गाडीच्या टकरींपैकी साधारण दोन तृतीयांश ठिकाणी दुसऱ्या गाडीवाल्याने बाइकवाल्याचा हक्काचा रस्ता अडवला होता, आणि बऱ्याच जणांचं म्हणणं हेच की दिसला नाही. तिकडं समोरच्या ट्रॅफिकला छेदून डावीकडे वळतात, आपल्याकडे उजवीकडे. बाकी तोच प्रकार.

पहिली चूक: झर्रकन मान फिरवून "बघितलं" म्हणणं

ही सगळ्यात मोठी, म्हणून जरा सविस्तर सांगतो. घरच्या आरशासमोर उभे राहा, आधी स्वतःच्या डाव्या डोळ्याकडे बघा, मग उजव्या, मग परत डाव्या. तुम्हाला तुमचे डोळे हलताना कधीच दिसणार नाहीत. शेजारी कुणाला उभं करा, त्याला मात्र स्पष्ट दिसतील. कारण डोळा एका जागेवरून दुसऱ्या जागेवर उडी मारतो तेव्हा त्या उडीपुरतं मेंदू चित्र बंद करतो आणि मधली जागा आपल्या मनाने भरून टाकतो. आपल्याला वाटतं सलग दिसलं, पण प्रत्यक्षात दोन-तीन ठिपके दिसलेले असतात. त्यात पुन्हा डोळ्याला एकदम स्पष्ट दिसतं ते फक्त मधल्या चिमूटभर भागात, बाकी सगळं अंधुक.

आता बाइक केवढी ते बघा. समोरून येणारी बाइक हँडलपाशी पाऊण मीटर रुंद. हात लांब करून करंगळीचं नख बघा, 100 मीटरवरची बाइक त्या नखाच्या जेमतेम अर्ध्या रुंदीची दिसते. आणि 60 च्या स्पीडने ती 6 सेकंदात तुमच्यापाशी असते. एवढीशी गोष्ट दोन ठिपक्यांच्या मधल्या भरलेल्या जागेत सहज हरवते, कार किंवा ट्रक नाही हरवत. मान जेवढी जोरात फिरवाल तेवढ्या डोळ्याच्या उड्या लांब आणि तेवढ्या रिकाम्या जागा मोठ्या.

उपाय साधा आहे, पण सवय लागायला महिना जातो. मान हळू फिरवायची आणि प्रत्येक बाजूला निदान तीन ठिकाणी नजर थांबवायची, जवळ, मध्ये, लांब. मग दुसरी बाजू, मग पहिली बाजू परत. मागचा हॉर्न वाजवत असेल तर वाजवू दे. आणि डिव्हायडर असला, वन-वे असला तरी दोन्हीकडे बघा, राँग साइडने येणारा चुकतोय हे मान्य, पण तो आपल्या बॉनेटवर आला तर चूक कुणाची हा प्रश्न फार उशिराचा असतो.

दुसरी: काचेच्या खांबावर विश्वास

समोरच्या काचेच्या दोन्ही बाजूंना जे खांब असतात, ए-पिलर म्हणतात त्याला, ते नवीन गाड्यांत चांगलेच जाड असतात कारण गाडी उलटली तर छप्पर त्यांनीच पेलायचं असतं. त्या खांबामागे वीस मीटरवरची अख्खी बाइक लपू शकते. आणि याहून वाईट म्हणजे तुम्ही आणि बाइकवाला दोघं एकाच चौकाकडे स्थिर वेगाने येत असाल तर तो खांबामागेच राहतो, दोन सेकंद, तीन सेकंद, तुमच्यासोबत सरकत सरकत, आणि एकदम दाराशी प्रगट होतो. नजरेत जागा न बदलणारी वस्तू डोळ्याला हलतेय असंच वाटत नाही. म्हणून चौकात आणि गोल सर्कलला बसल्या जागी पुढे वाका, मागे व्हा, मान खांबाच्या अलीकडे-पलीकडे न्या. विचित्र दिसतं, चालतंय. मोबाइलचा होल्डर त्या कोपऱ्यात चिकटवला असेल तर काढा, बाप्पांना डॅशबोर्डवर मधोमध खाली बसवा, आरशाला लटकवलेलं सगळं उतरवा. काचांना काळी फिल्म असेल तर तीही, 2012 ला सुप्रीम कोर्टाने तिच्यावर बंदी घातलीये ते आहेच, पण संध्याकाळी सात वाजता पावसात त्या फिल्ममधून बाजूचा बाइकवाला म्हणजे नुसती सावली असते.

तिसरी: बाइकची अपेक्षाच न ठेवणं

2018 मध्ये ऑस्ट्रेलियात एक प्रयोग झाला, लोकांना ड्रायव्हरच्या जागेवरून काढलेले रस्त्याचे फोटो दाखवले आणि विचारलं की ही परिस्थिती सेफ आहे का. शेवटच्या फोटोत न सांगता कधी बाइक तर कधी टॅक्सी घातली होती. टॅक्सी 31 टक्के लोकांना दिसली नाही, बाइक 65 टक्के लोकांना. फोटो समोर आहे, बघतायत, तरी नाही. मेंदू ज्याची वाट बघत असतो तेच तो आधी उचलतो.

तुम्ही म्हणाल आपल्याकडे तर जिकडे तिकडे बाइकच, अपेक्षा कशी नसेल. मलाही तेच वाटायचं. पण माझ्या घटनेचा विचार करताना लक्षात आलं की मी 94 किलोमीटर एक्सप्रेसवेने आलो होतो, जिथं टू-व्हीलरला बंदीच आहे. तास-दीड तास डोळ्यांना फक्त ट्रक, बस, कार, आणि मग एकदम किवळ्याला उतरून त्याच डोळ्यांनी मी रस्ता मोकळा आहे असं ठरवलं. समृद्धीवरून उतरणाऱ्यांचं, अटल सेतूवरून येणाऱ्यांचं हेच होणार, तिथंही दुचाकी नाही. त्यामुळे मी आता टोल रोड सोडला की पहिली पाच मिनिटं स्वतःला मुद्दाम सांगतो, आता बाइक आल्या. आणि गावात उलटी गडबड होते, सिग्नलला चाळीस टू-व्हीलर असतात आणि आपण तो घोळका बघतो, त्या घोळक्यातून सुटून बाजूने पुढं आलेला एकटा नाही बघत.

दिसली आणि विसरली

हे वाचून मी स्वतः गार झालो होतो. 2019 ला इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅम विद्यापीठाने सिम्युलेटरवर तपासलं, काही ड्रायव्हरनी येणाऱ्या बाइककडे थेट बघितलं होतं, डोळ्यांचं रेकॉर्डिंग होतं, पण दुसऱ्या बाजूला बघून येईपर्यंत त्यांच्या डोक्यातून ती बाइक निघून गेली. म्हणजे मी बहुतेक त्या पोराला बघितलं पण असेन. त्यावर त्यांनी सुचवलेला उपाय म्हणजे बाइक दिसली की तोंडाने बोलायचं, "बाइक". मोठ्याने. मी करतो, आणि आता बायकोही करते, डावीकडचं ती बोलते.

अंतराचा अंदाज

लहान वस्तू आपल्याला लांब आणि हळू वाटते. त्यामुळे दिसलेल्या बाइकच्या पुढूनही आपण गाडी घालतो, "येतोय अजून लांब" म्हणत. रात्री तर जास्तच, कारचे दोन दिवे जवळ येताना एकमेकांपासून लांब होत जातात त्यावरून स्पीड कळतो, एका दिव्यावरून काही कळत नाही. एकच लाइट दिसला तर वळू नका, जाऊ द्या त्याला.

दार उघडताना

उजव्या हाताने नाही, डाव्या हाताने उघडा. ड्रायव्हरचं दार उजवीकडे, डावा हात तिथवर न्यायचा म्हणजे खांदा आपोआप वळतो आणि नजर मागे जाते. डावीकडे उतरणाऱ्याने उजवा हात वापरायचा. मागे बसलेल्या लेकरांना तर हे शिकवाच, कारण फुटपाथच्या बाजूने पण आपल्याकडे टू-व्हीलर येतात.

बाइकवाल्यांनो, तुमच्यासाठी दोनच गोष्टी

बरेचदा चूक तुमची नसते हे मी आधीच लिहिलं, पण लागतं तुम्हाला. 1 एप्रिल 2017 नंतर बनलेल्या टू-व्हीलरला हेडलाइट कायम चालू असतो, तो बंद करायला वेगळा स्विच बसवून घेऊ नका, आणि जुनी गाडी असेल तर दिवसाही लाइट लावा. दुसरं म्हणजे वळून झाल्यावर इंडिकेटर बंद झालाय का बघा, कारमध्ये तो आपोआप बंद होतो, बाइकवर नाही, आणि डावीकडचा चालू राहिलेला बघून समोरचा समजतो तुम्ही वळणार, आणि तो गाडी घालतो.

आरसे

बहुतेकांच्या बाजूच्या आरशात अर्धी स्वतःचीच गाडी दिसते. ती बघून काही उपयोग नाही. उजवा आरसा लावताना डोकं उजव्या काचेला टेकवा आणि आरसा एवढा बाहेर करा की गाडीची कड जेमतेम दिसेल. डावा लावताना डोकं गाडीच्या मधोमध आणा आणि तसंच करा. सरळ बसलात की गाडी दिसणार नाही, शेजारची लेन दिसेल. दोन दिवस चुकल्यासारखं वाटतं, मग जमतं.

आणि रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक करा, कुणाला तरी बाइक घेऊन गाडीच्या मागून हळूहळू बाजूने पुढं यायला सांगा आणि तुम्ही सीटवर बसून फक्त आरशात बघा. मी आरसे बदलायच्या आधी पुतण्याला सांगितलं होतं. मागच्या डाव्या दाराच्या हँडलपाशी तो गाडीसकट गायब झाला, तिथं थांबून हात हलवत होता म्हणे, हाका पण मारत होता, आणि माझ्या आरशात रिकामं पार्किंग आणि भिंतीवरची पाण्याची टाकी दिसत होती.