घरी ईव्ही चार्ज करताय? आधी या चुका टाळा

ओळखीत कुणी नवीन ईव्ही घेतली की आठवड्याभरात मला फोन येतो, आणि प्रश्न बहुतेक तोच, "चार्जिंग मध्येच थांबतंय, गाडीत फॉल्ट असेल का?" गाडीत नसतो हो. बघायला गेलं की सापडतो तो भिंतीत, सॉकेटमध्ये नाहीतर अर्थिंगमध्ये.

अर्थिंगचंच आधी सांगतो कारण त्यात जीव जाऊ शकतो. माझ्या मावसभावाने गाडी घेतली, गाडीसोबत आलेला पोर्टेबल चार्जर लावला तर लाल दिवा. वायरमनला बोलावलं, त्याने दहा मिनिटांत चालू करून दिलं आणि सगळे खूश. महिन्याभराने मी गेलो तेव्हा सहज विचारलं की नक्की काय केलं त्याने, तर कुणालाच माहीत नाही. मेन बंद करून सॉकेट उघडला. आत न्यूट्रल आणि अर्थच्या टर्मिनलमध्ये दोन बोटं लांबीचा लाल वायरचा तुकडा जोडलेला. अर्थची खरी वायर मागच्या जंक्शन बॉक्समध्येच तुटली होती, ती शोधण्याऐवजी पठ्ठ्याने चार्जरला फसवलं. आता समजा मागे कुठे न्यूट्रल सुटला असता तर त्याच तुकड्यातून फेज थेट गाडीच्या बॉडीवर आला असता. गाडी टायरवर उभी, म्हणजे जमिनीपासून तुटलेली, त्यामुळे बाहेरून काही कळत नाही, कळतं ते दाराला हात लावल्यावर. त्याची पोरगी रोज त्याच दाराशी अनवाणी जायची. मी त्या दिवशी खूप चिडलो आणि अजूनही चिडतो. लाल दिवा म्हणजे चार्जर बिघडला असं नाही, तो त्याचं काम करतोय, त्याला गप्प करायचं नसतं.

मी काय करतो तर वायरमनला समोर उभं करून मल्टिमीटरने तीन रीडिंग घ्यायला लावतो. फेज-न्यूट्रल 230 व्होल्टच्या आसपास, फेज-अर्थ जवळपास तेवढंच, आणि न्यूट्रल-अर्थ एक-दोन व्होल्ट. चार्जिंग चालू असताना न्यूट्रल-अर्थ अगदी शून्य आलं तर मला उलट संशय येतो की इथेही तसाच तुकडा जोडलाय, मग मी सॉकेट उघडायलाच लावतो.

दुसरी चूक एक्स्टेन्शन बोर्डची, आणि तिचीच बहीण म्हणजे जुना ढिला सॉकेट. लोक म्हणतात, त्यावर गीझर चालतो की. अहो गीझर पंधरा-वीस मिनिटांत कट होतो, गाडी मात्र 30 युनिटची बॅटरी 3.3 किलोवॅटने भरताना नऊ-दहा तास सलग 14-15 अँपिअर ओढते. ढिल्या पिनेत नुसता 0.1 ओहमचा रेझिस्टन्स असला तरी त्या एका टोकावर वीसेक वॉट उष्णता होते, म्हणजे जवळजवळ सोल्डरिंग आयर्न रात्रभर प्लास्टिकला टेकवून ठेवल्यासारखं. नवीन सॉकेटवर पहिल्या दिवशी अर्ध्या तासाने मी प्लगला हात लावून बघतो. कोमट असला तर चालेल, हात ठेववत नसेल तर लगेच बंद. सॉकेट बदलेपर्यंत गाडीत करंट 10 अँपिअरवर आणा, 16 च्या मानाने उष्णता निम्म्याहून कमी होते. वेळ जास्त लागेल, लागू दे, रात्रभर गाडी उभीच तर असते. पहिल्याच आठवड्यात "अजून फास्ट कसं करू" विचारणाऱ्यांना मी आधी प्लगला हात लावायला सांगतो.

चार्जरची पेटी सॉकेटला लटकत ठेवू नका, वजनाने पिना ढिल्या होतात. भिंतीत एक हुक ठोका, काम झालं. वायरचं वेटोळं तसंच ठेवून चार्ज करू नका, आत उष्णता कोंडते.

7 किलोवॅटचा वॉल बॉक्स, म्हणजे भिंतीवर कायमचा लावायचा चार्जर, बसवताना जुन्याच वायरीवर जोडू नका. 32 अँपिअर तासन् तास जाणार, त्याला मी तांब्याची किमान 6 स्क्वेअर एमएम, अंतर लांब असेल तर 10 ची वायर घालतो, पॅनेलपासून वेगळी लाइन आणि तिच्यावर दुसरं काहीही नाही. आरसीसीबी, म्हणजे करंट कुठे गळला (लीकेज) की वीज तोडणारा स्विच, टाइप ए घ्या, टाइप एसी नको, कारण गाडीच्या चार्जरमुळे डीसी अंश असलेला लीकेज येऊ शकतो आणि तो टाइप एसीला नीट पकडता येत नाही. वॉल बॉक्समध्ये 6 मिलिअँपिअर डीसी लीकेज ओळखायची सोय आहे का ते विकत घेण्याआधी विचारा, नसेल तर टाइप बी लागतो.

रोज 100 टक्के भरायची हौस एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) बॅटरीला नको, 80 पुरे, लांब जायचं असेल त्याच्या आदल्या रात्री भरा. एलएफपीचं (लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीचं) वेगळं आहे, ती अधूनमधून 100 पर्यंत न्यावी लागते नाहीतर टक्केवारी चुकीची दिसायला लागते, किती दिवसांनी ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतं.

आणि काढताना आधी चार्जिंग थांबवा, मग गाडीकडची गन, शेवटी भिंतीतला प्लग. चालू करंटवर प्लग ओढला की आत ठिणगी पडते, पिना काळ्या पडतात, आणि काळ्या पिना पुढच्या वेळी आणखी तापतात.