औष्णिक वीजकेंद्राची उचल आणि तापीतला महसीर: हिशेब कसा मांडायचा

औष्णिक वीजकेंद्र पाणी उचलतं, त्याचा तापीतल्या महसीर माशावर किती परिणाम होतो, याचा हा हिशेब. खानदेशात कोळशाची खाण नाही. कोळसा बाहेरून येतो आणि भुसावळजवळ दीपनगरला जळतो. खाणीतला पाण्याचा उपसा ज्या-त्या खोऱ्याच्या खात्यात मांडा. तापीच्या खात्यात मांडायची ती वीजकेंद्राची हतनूर धरणातून होणारी पाण्याची उचल.

वीजकेंद्रासाठी धरणात राखून ठेवलेल्या पाण्याच्या, म्हणजे आरक्षणाच्या, आकड्यापासून सुरुवात करू नका. ती मंजुरी असते, वापर नव्हे. दरवर्षी 30 सप्टेंबरपर्यंत प्रदूषण नियंत्रण मंडळाला सादर होणारं पर्यावरण विवरणपत्र मिळवा, गरज पडली तर माहिती अधिकारात. त्यात रोजचा पाणीवापर घनमीटरमध्ये असतो.

त्या आकड्याचा पडताळा स्वतः घ्या. 500 मेगावॉटचे दोन संच 70 टक्के भारांकावर (पूर्ण क्षमतेच्या सरासरी 70 टक्के) चालले, तर दिवसाला 16,800 मेगावॉट-तास वीज होते. डिसेंबर 2015 च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार कूलिंग टॉवर असलेल्या जुन्या केंद्रांना मेगावॉट-तासाला 3.5 घनमीटरची मर्यादा आहे. म्हणजे रोज 58,800 घनमीटर, सेकंदाला 0.68 घनमीटर (साधारण 24 क्युसेक), वर्षाला सुमारे 21.5 दलघमी (दशलक्ष घनमीटर). विवरणपत्रात याच्या निम्माच आकडा दिसला, तर आधी संच किती दिवस बंद होते ते पाहा, मग राखेच्या बंधाऱ्याला जाणारं पाणी वेगळ्या रकान्यात आहे का ते. सगळ्यात मोठा हिस्सा टॉवरमधून वाफ होऊन जातो, तो नदीला परत मिळत नाही. फिरत्या पाण्यातले क्षार पाचपट होईपर्यंत तेच पाणी वापरलं, तर टॉवरला वाफेच्या सव्वापट भरणा लागतो. तिपटीलाच पाणी सोडून दिलं तर दीडपट. पाणी वाचवायची जागा इथेच आहे.

आता नदी. वर्षाची सरासरी काढली की परिणाम नाहीसा होतो, म्हणून हिशेब महिन्यावार करा. ऑगस्टमध्ये हतनूरचे दरवाजे उघडतात, हजारो क्युसेक पाणी जातं. त्यात 24 क्युसेक कुठेच लागत नाहीत. समजा, मे महिन्यात धरणाखाली सेकंदाला 2 घनमीटर सुटतं. मग उचल त्याच्या एक तृतीयांश झाली. केंद्रीय जल आयोगाची मोजणी केंद्रं वापरा: वरच्या अंगाला तापीवर बऱ्हाणपूर आणि तिची उपनदी पूर्णेवर येरळी, खालच्या अंगाला सावखेडा. सरासरी प्रवाहाच्या 10 टक्के म्हणजे माशांना जेमतेम, 30 टक्के म्हणजे बरं, हा टेनंट यांचा 1976 चा ठोकताळा अमेरिकेतल्या नद्यांवरून आला आहे. तापीसाठी तो फक्त पहिली चाळणी म्हणून धरा.

उन्हाळ्यात महसीर डोहात तगून राहतो, म्हणून खरी मोजणी डोहात. 150 मीटर लांब, 30 मीटर रुंद डोहातून रोज 8 मिलिमीटर बाष्पीभवन धरलं, तर रोज 36 घनमीटर पाणी उडतं. वरून तेवढीही धार आली नाही, तर दोन महिन्यांत पातळी जवळपास अर्धा मीटर उतरते. विरघळलेला ऑक्सिजन सूर्योदयाआधी मोजा. दुपारी शेवाळ ऑक्सिजन सोडत असतं, आकडा फसवा येतो. मत्स्यजीवनासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष लिटरला किमान 4 मिलिग्रॅम आहे. पहाटे त्याखाली गेलं, तर तो डोह नकाशावर लाल करा. कोणत्या डोहात महसीर उरलाय, हे भोई बांधवांना फोटो दाखवून विचारा. धोक्यातल्या प्रजातींच्या जागतिक लाल यादीतला दर्जा प्रजातीच्या सगळ्या पट्ट्याचा असतो, तापीतली अवस्था त्यातून कळत नाही.

वीजकेंद्र जिथून पाणी उपसतं त्या उचल विहिरीची जाळीही तपासा. जाळीतून पाण्याचा वेग सेकंदाला 15 सेंटिमीटरच्या वर गेला, की लहान मासे जाळीला चिकटून मरतात. 0.68 घनमीटरसाठी किमान साडेचार चौरस मीटर मोकळी जाळी हवी. जलपर्णीने निम्मी जाळी झाकली, की वेग दुप्पट होतो. म्हणून वेग जलपर्णी साचलेली असतानाच मोजा.

शेवटी जबाबदारी वेगळी करा. महसीर पावसाळ्यात वाहत्या पाण्यात, गोट्यावाळूत अंडी घालायला वर चढतो. ती वाट अडवतं धरण, वीजकेंद्र नव्हे. डोह आटण्यातही शेतीचे पंप आणि शहरांचा पुरवठा येतो. त्या सगळ्यांची मे महिन्याची उचल शेजारच्या रकान्यांत लिहा आणि वीजकेंद्राचा वाटा टक्क्यांत काढा.