लाइन गेली तरी ऑब्जेक्ट शाबूत

यवतमाळकडच्या खेड्यात लाइन (वीज) न सांगता जाते, अन् तेव्हा ‘बिफोरअनलोड’ (पान बंद होण्याआधी ब्राउझर देतो ती सूचना) चालतच नाही. म्हणून ब्राउझरमधले जिवंत ऑब्जेक्ट (चालू प्रोग्रामचा मेमरीतला डेटा) दर बदलाला इंडेक्स्डडीबीत, म्हणजे ब्राउझरच्याच डेटाबेसात, उतरवले. तरी शेवटचे बदल गायब! ट्रान्झॅक्शन (डेटाबेसातला एक लिहिण्याचा व्यवहार) ‘कम्प्लीट’ दाखवतं, पण डेटा डिस्कवर पोचलेला नसतो. क्रोम १२१ पासून डीफॉल्टच ‘रिलॅक्स्ड’ आहे, म्हणजे डिस्कची वाट पाहत नाही. ट्रान्झॅक्शनच्या ‘ड्युरॅबिलिटी’ पर्यायाला ‘स्ट्रिक्ट’ (डिस्कवर पोचल्यावरच कम्प्लीट) दिलं, काम झालं. वेग जरा कमी होतो, होऊ द्या.

साठवताना ब्राउझर ऑब्जेक्टाची प्रत काढतो, ती स्ट्रक्चर्ड क्लोननं. तो गोल संदर्भ (एकमेकांकडे बोट दाखवणारे ऑब्जेक्ट) सांभाळतो, पण प्रोटोटाइप (ऑब्जेक्ट जिथून मेथड घेतो तो) टाकून देतो अन् फंक्शन दिसलं की एरर. म्हणून मेथडचा (ऑब्जेक्टाच्या फंक्शनचा) सोर्स मजकूर म्हणून ठेवा, ऑब्जेक्टासोबत क्लासचं (त्याच्या साच्याचं) नाव. उघडताना आधी क्लास बनवा, मग ‘सेटप्रोटोटाइपऑफ’नं ऑब्जेक्टाला त्याचा प्रोटोटाइप परत जोडा. मेथड बदलताना क्लास नव्यानं बनवू नका, जुन्याच प्रोटोटाइपवर लिहा. नाहीतर आधीचे, समजा ‘कापूसगाठ’ क्लासचे, ऑब्जेक्ट जुनीच मेथड चालवत राहतात.