लॅपटॉप सुरू होताना कर्नेल पॅनिक आल्यास काय करावे : लिनक्स वापरणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

बटण दाबले, निर्मात्याचे चिन्ह क्षणभर दिसले आणि लॉगिनची चौकट येण्याऐवजी काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी भराभर सरकत जाऊन सगळे जागच्या जागी थिजले, तर तळाच्या ओळींत ‘कर्नेल पॅनिक – नॉट सिंकिंग’ हे शब्द सापडतात का ते पाहावे. अनेक लॅपटॉपवर अशा वेळी कॅप्स लॉकचा दिवा लुकलुकत राहतो आणि कोणतीही कळ दाबली तरी काही हलत नाही. सगळे पुसून सिस्टिम नव्याने टाकावी, असे इथे हमखास वाटते. पण ती घाई करू नये. सुरू होतानाच येणाऱ्या पॅनिकमध्ये वापरकर्त्याच्या फाइली बहुतेक वेळा जशाच्या तशा असतात आणि बिघाड एखाद्या अपुऱ्या राहिलेल्या फाइलीत असतो.

कर्नेल म्हणजे हार्डवेअर आणि प्रोग्राम यांना जोडणारा लिनक्सचा गाभा. पॅनिक म्हणजे कर्नेल कोसळणे, असे आपण बोलताना म्हणतो; प्रत्यक्षात कर्नेल जाणूनबुजून थांबलेले असते. पुढे चालत राहिल्यास डेटा बिघडण्याचा धोका आहे किंवा पुढे जाण्यासाठी आवश्यक असलेली गोष्टच हाती नाही, असे दिसल्यावर ते काम सोडते. ‘नॉट सिंकिंग’ याचा अर्थही तोच: मेमरीत राहिलेला मजकूर डिस्कवर उतरवण्याचा प्रयत्न केला जाणार नाही, कारण गोंधळलेल्या अवस्थेत केलेले लेखन न केलेल्या लेखनापेक्षा घातक ठरू शकते.

या लेखात आज्ञांची नावे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलमध्ये ती अर्थातच रोमन लिपीत टाइप करावी लागतात.

आधी फोटो, मग बाकी सगळे

लॅपटॉप बंद करण्यापूर्वी मोबाइलने पडद्याचा स्पष्ट फोटो काढावा. कर्नेलने डिस्क वापरासाठी जोडून घेण्यापूर्वीच (माउंट करण्यापूर्वीच) पॅनिक आले असेल, तर त्याची नोंद डिस्कवर कुठेही होत नाही आणि तो फोटो हाच एकमेव पुरावा उरतो. फोटोत दोन जागा नीट वाचता आल्या पाहिजेत. एक म्हणजे ‘कर्नेल पॅनिक’ने सुरू होणारी ओळ आणि दुसरी म्हणजे तिच्या वरच्या आठ-दहा ओळी, कारण खरी चूक पुष्कळदा वर घडलेली असते आणि पॅनिकची ओळ हा तिचा फक्त परिणाम असतो. २०२४ साली आलेल्या ६.१० या कर्नेलपासून पॅनिकसाठी वेगळा पडदा दाखवण्याची सोय झाली आणि ६.१२ मध्ये त्यावर क्यूआर कोड दाखवण्याचा पर्यायही आला. तसा पडदा दिसल्यास कोडचाही फोटो घ्यावा.

त्यानंतर पॉवरचे बटण दहाएक सेकंद दाबून ठेवून यंत्र पूर्ण बंद करावे. पेन ड्राइव्ह, बाहेरची डिस्क, डॉक, मेमरी कार्ड असे जे जे जोडलेले असेल ते काढावे आणि पुन्हा सुरू करून पाहावे. हा उपाय बाळबोध वाटतो, पण त्याला एक मिनिट लागते.

जुने कर्नेल निवडून पाहावे

उबुंटू, डेबियन, फेडोरा यांसारख्या वितरणांमध्ये, म्हणजे लिनक्सच्या तयार रूपांमध्ये, नवे कर्नेल आले तरी निदान एक जुने कर्नेल सहसा ठेवलेले असते. यंत्र सुरू होताच यूईएफआय (बायोसची जागा घेणारी, यंत्र सुरू करणारी अंगभूत प्रणाली) असलेल्या लॅपटॉपवर एस्केपची कळ एकदा दाबावी, जुन्या बायोसच्या यंत्रावर शिफ्ट दाबून धरावी. म्हणजे ग्रबचा, अर्थात कोणते कर्नेल सुरू करायचे ते विचारणाऱ्या प्रोग्रामचा, मेनू दिसतो. एस्केप दोनदा दाबली गेली तर मेनू जाऊन ग्रबची नुसती आज्ञारेषा उघडते. तसे झाल्यास घाबरू नये, यंत्र बंद करून पुन्हा सुरू करावे. मेनूत ‘अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जाऊन यादीतील आधीच्या आवृत्तीचे कर्नेल निवडावे. फेडोरामध्ये जुनी कर्नेल पहिल्याच यादीत दिसतात.

जुन्या कर्नेलवर लॅपटॉप नीट सुरू झाला, तर निम्मे निदान तिथेच झाले. डिस्क वाचता येते, फाइल सिस्टिम (डिस्कवर फाइली मांडून ठेवण्याची रचना) जोडली जाते, म्हणजे दोष नव्या कर्नेलमध्ये, त्याच्या सोबतच्या फाइलीत किंवा त्याच्यासाठी बांधलेल्या एखाद्या ड्रायव्हरमध्ये आहे. आणखी काही करण्यापूर्वी महत्त्वाच्या फाइलींचा बॅकअप या क्षणी घ्यावा.

‘अनेबल टू माउंट रूट एफएस’

अपडेटनंतर येणाऱ्या पॅनिकमध्ये हा संदेश विशेष परिचयाचा आहे, म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहितो. कर्नेलला मूळ पार्टिशन, म्हणजे ज्यावर सारी सिस्टिम आहे ते, जोडता आलेले नाही, एवढाच त्याचा अर्थ. ओळीच्या शेवटी ‘अननोन-ब्लॉक’ या शब्दापुढे कंसात दोन आकडे असतात आणि निदानाची किल्ली त्यांच्यातच आहे. आकडे (०,०) असतील तर मूळ पार्टिशन कोणत्या उपकरणावर आहे हेच कर्नेलला कळलेले नाही. पहिला आकडा ८ किंवा २५९ असा असेल, तर उपकरण सापडले आहे, परंतु त्यावरची फाइल सिस्टिम उघडता आली नाही; ८ हा सामान्यतः साटा आणि यूएसबी डिस्कचा आकडा, तर २५९ एनव्हीएमई एसएसडीच्या बाबतीत दिसतो. पहिल्या प्रकारात संशय ‘इनिटरामएफएस’वर घ्यावा, दुसऱ्या प्रकारात फाइल सिस्टिमवर.

इनिटरामएफएस ही कर्नेलसोबत मेमरीत उलगडली जाणारी एक दाबून बांधलेली फाइल असते. डिस्क ओळखायला लागणारे ड्रायव्हर आणि कूटबद्ध डिस्कचे कुलूप उघडण्याची सामग्री तिच्यात असते. प्रत्येक कर्नेलची अशी स्वतंत्र फाइल असते. ती तयारच झाली नाही किंवा अर्धवट राहिली, की शिधा न घेता निघालेल्या प्रवाशासारखी कर्नेलची गत होते. ती अर्धवट का राहते? उत्तर अनेकदा अगदी साधे असते: ‘बूट’चे पार्टिशन भरलेले असते. अपडेटच्या वेळी ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’ अशी ओळ येऊन गेलेली असते आणि ती कोणी वाचलेली नसते.

म्हणून जुन्या कर्नेलवर आल्यावर ‘डीएफ -एच’ ही आज्ञा देऊन बूटच्या पार्टिशनपुढील टक्केवारी पाहावी. तिथे १०० टक्के दिसले, तर बूटच्या फोल्डरमधील यादी पाहावी: ‘व्हीएमलिनूझ’ने सुरू होणारी प्रत्येक फाइल म्हणजे एक कर्नेल, आणि तिच्याच आवृत्ती क्रमांकाची ‘इनिटआरडी’ किंवा ‘इनिटरामएफएस’ नावाची जोडीदार फाइल असायला हवी. सर्वांत नव्या क्रमांकाची जोडीदार फाइल गायब असेल किंवा इतरांच्या तुलनेत फारच लहान असेल, तर चोर सापडला.

आता जागा मोकळी करावी, पण बूटमधील फाइली हाताने पुसू नयेत. नको असलेली जुनी कर्नेल पॅकेज व्यवस्थापकाकडूनच काढावीत. ‘यूनेम -आर’ या आज्ञेने सध्या चालू असलेल्या कर्नेलचा क्रमांक कळतो. ते मात्र चुकूनही काढू नये. जागा झाल्यावर फाइल नव्याने बांधावी. उबुंटू व डेबियनमध्ये त्यासाठी ‘अपडेट-इनिटरामएफएस’, फेडोरामध्ये ‘ड्राकट’ आणि आर्चमध्ये ‘एमकेइनिटसीपीआयओ’ ही आज्ञा आहे. पहिल्या दोन आज्ञांना ज्या कर्नेलसाठी फाइल बांधायची त्याचा क्रमांक स्पष्ट सांगावा, नाहीतर चालू कर्नेलचीच फाइल पुन्हा बांधली जाण्याची शक्यता असते. शेवटी उबुंटू-डेबियनमध्ये ‘अपडेट-ग्रब’ चालवून लॅपटॉप पुन्हा सुरू करावा.

जुने कर्नेलही सुरू होत नसेल, तर हेच काम लाइव्ह पेन ड्राइव्हवरून, म्हणजे ज्यावरून लिनक्स थेट सुरू होते अशा पेन ड्राइव्हवरून, करावे लागते. पेन ड्राइव्हवरून सिस्टिम सुरू केल्यावर डिस्क कूटबद्ध असल्यास आधी ‘क्रिप्टसेटअप’ने तिचे कुलूप उघडावे; मग मूळ पार्टिशन एका रिकाम्या फोल्डरवर जोडावे, त्याच्या आत बूट आणि ईएफआयची पार्टिशने आपापल्या जागी जोडावीत, ‘डेव्ह’, ‘प्रॉक’ आणि ‘सिस’ हे तीन फोल्डर ‘बाइंड’ पर्यायाने आत आणावेत आणि ‘सीएचरूट’ या आज्ञेने डिस्कवरील मूळ सिस्टिमच्या आत शिरून वरील आज्ञा द्याव्यात. इथे एक बारीक खाच आहे. कूटबद्ध डिस्क उघडताना तिला जे नाव द्याल, ते मूळ सिस्टिमच्या ‘क्रिप्टटॅब’ फाइलीत लिहिलेल्या नावाशी तंतोतंत जुळले पाहिजे; नाहीतर बांधलेली नवी फाइल कुलूप उघडण्याची माहिती वगळून तयार होऊ शकते आणि केलेले सारे श्रम फुकट जातात.

लाइव्ह पेन ड्राइव्हवरूनही आतली डिस्क दिसत नसेल, तर बायोसमधील साठवणुकीची पद्धत पाहावी. बायोसची सेटिंग्ज मूळपदावर गेल्यामुळे ‘एएचसीआय’ या पद्धतीऐवजी ‘रेड’ ही पद्धत निवडली गेली असेल, तर ते पूर्ववत करावे.

‘अटेम्प्टेड टू किल इनिट’

कर्नेल सर्वांत आधी जी प्रक्रिया सुरू करते, तिला इनिट म्हणतात; तिचा क्रमांक १ असतो आणि ती संपणे कर्नेलला चालत नाही. ती मेली की हा संदेश येतो. पुढे ‘एक्झिटकोड’चा आकडा असतो, त्याच्या शेवटी ‘७एफ००’ असेल, तर इनिटला लागणारी एखादी लायब्ररी हरवल्याची शंका घ्यावी. अर्धवट राहिलेले अपडेट हे याचे नेहमीचे कारण. माझ्याच लॅपटॉपवर अपडेट चालू असताना बॅटरी संपली आणि दुसऱ्या दिवशी पडद्यावर हीच ओळ होती. वर सांगितल्याप्रमाणे सीएचरूट करून ‘डीपीकेजी’ या पॅकेज व्यवस्थापकाला अपुरी राहिलेली पॅकेजे पूर्ण करण्यास सांगितल्यावर पंधरा मिनिटांत यंत्र उभे राहिले. बिघाड फारच खोल असेल, तर मात्र सीएचरूटच्या आत साधी आज्ञाही चालत नाही. मग डेटा काढून घेऊन नव्याने स्थापना करणे हेच शहाणपणाचे.

फाइल सिस्टिमवर संशय असेल, तर तपासणी लाइव्ह पेन ड्राइव्हवरून आणि पार्टिशन जोडलेले नसतानाच करावी. जोडलेल्या पार्टिशनवर ‘एफएससीके’ चालवणे म्हणजे दुरुस्तीच्या नावाखाली नासाडी करणे होय. ईएक्सटी४ या प्रकारच्या फाइल सिस्टिमसाठी ‘ई२एफएससीके’ आणि एक्सएफएससाठी ‘एक्सएफएस_रिपेअर’ वापरावे. बीटीआरएफएसवर ‘रिपेअर’चा पर्याय जाणकाराच्या सल्ल्याशिवाय वापरू नये. डिस्कच खराब होत असल्याची शंका असेल, तर दुरुस्तीपूर्वी ‘डीडीरेस्क्यू’ने तिची पूर्ण प्रत काढावी, कारण मरू घातलेल्या डिस्कला तपासणीचा ताणही सोसत नाही.

ड्रायव्हरचा दोष

फोटोत ‘कॉल ट्रेस’ या शब्दांखाली ओळींची उतरंड दिसली, तर तिच्यातील चौकोनी कंसांतली नावे पाहावीत. ती मॉड्यूलची, म्हणजे बहुधा ड्रायव्हरची असतात. जवळच ‘टेंटेड’ हा शब्द आणि त्यापुढे काही अक्षरे असतात: पी म्हणजे मालकी हक्काचे, बंद स्वरूपाचे मॉड्यूल, ओ म्हणजे कर्नेलच्या बाहेर बांधलेले मॉड्यूल. ही अक्षरे गुन्हा सिद्ध करत नाहीत, पण चौकशी कुठून सुरू करावी ते सांगतात. ग्रबच्या मेनूत ‘ई’ दाबून ‘लिनक्स’ने सुरू होणाऱ्या ओळीतील ‘क्वाएट’ आणि ‘स्प्लॅश’ हे शब्द काढावेत, संशय ग्राफिक्सवर असल्यास शेवटी ‘नोमोडसेट’ जोडावे, अन्य मॉड्यूलवर असल्यास ‘मॉड्यूल_ब्लॅकलिस्ट’ लिहून बरोबरच्या चिन्हापुढे त्याचे नाव द्यावे आणि कंट्रोल-एक्स दाबावे. हा बदल एका वेळेपुरताच टिकतो, त्यामुळे चुकला तरी काही बिघडत नाही. एका वेळी एकच शब्द बदलावा.

संदेश दर वेळी वेगळा येत असेल तर

एकच चूक ठरलेल्या जागी येते ती बहुधा सॉफ्टवेअरची. रोज नव्या जागी नवा संदेश येत असेल, तर रॅमकडे पाहावे. ‘मशीन चेक’ हे शब्द दिसले, तर हार्डवेअरचा संशय आणखी बळावतो. रॅम तपासणाऱ्या मेमटेस्ट८६+ या प्रोग्रामचा निदान एक पूर्ण फेरा, शक्यतो रात्रभर, चालवावा. २०२२ च्या ६.०० आवृत्तीपासून तो यूईएफआयवरही चालतो. एकही चूक दिसली, तरी ती मेमरी विश्वासार्ह नाही. रॅमच्या दोन पट्ट्या असतील तर एकेक काढून पाहावी. मदरबोर्डवर जोडलेलीच असेल तर दुरुस्तीशिवाय मार्ग नाही. डिस्कसाठी ‘स्मार्टसीटीएल’ या तिची प्रकृती तपासणाऱ्या आज्ञेचा अहवाल वाचावा आणि त्यातील बदललेले व प्रलंबित सेक्टर किंवा एनव्हीएमईच्या बाबतीत ‘मीडिया अँड डेटा इंटिग्रिटी एरर्स’ हे आकडे शून्य आहेत का ते पाहावे.

दुरुस्ती झाल्यावर लॅपटॉप पूर्ण बंद करून दोनदा सुरू करून पाहावा. दोष नव्या कर्नेलचाच निघाला, तर फोटोसह वितरणाच्या दोषनोंदणीत तो कळवावा आणि जुन्या कर्नेलवर काम चालू ठेवून नव्या आवृत्त्या उबुंटू-डेबियनमध्ये ‘एपीटी-मार्क होल्ड’ने रोखाव्यात. दुरुस्त आवृत्ती आली की तो अडसर आठवणीने काढावा, कारण तो आहे तोवर कर्नेलच्या सुरक्षेच्या दुरुस्त्याही अडून राहतात.