रग्बी लीगची गर्दी खरंच वाढलीये का, हे कसं तपासायचं

रग्बी लीग म्हणजे १३ खेळाडूंच्या रग्बीचा सीझन संपला की 'विक्रमी प्रेक्षक' अशी बातमी येतेच आणि आपल्याला आनंदही होतो, पण हा खेळ वाढावा असं मनापासून वाटत असेल तर तो आकडा एकदा सोलून बघायलाच हवा.

सगळ्यात आधी एकूण बेरीज बाजूला ठेवा. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या मुख्य स्पर्धेत, एनआरएलमध्ये, २०२२ ला १६ टीम होत्या, रेग्युलर सीझनच्या मॅच १९२. २०२३ ला डॉल्फिन्स ही सतरावी टीम आली आणि मॅच झाल्या २०४. म्हणजे दर मॅचला तेवढीच माणसं आली असती तरी बेरीज सव्वासहा टक्क्यांनी वाढलीच असती! इंग्लंडच्या मुख्य स्पर्धेत, सुपर लीगमध्येही २०२६ पासून १२ च्या जागी १४ टीम आहेत, तिथेही हेच ध्यानात ठेवा.

मग सरासरी बघू म्हणाल, तर तीही फसवते, आणि खरी गोम इथेच आहे. २०२४ ला लंडन ब्रॉन्कोस सुपर लीगमध्ये होते, त्यांची गर्दी लीगमध्ये सगळ्यात कमी, पुढच्या वर्षी ते खालच्या डिव्हिजनमध्ये गेले आणि तिथून वेकफील्ड वर आलं. समजा जाणाऱ्या टीमला ४ हजार लोक येत होते आणि येणाऱ्या टीमला ८ हजार येतात, तर १२ टीमच्या लीगची सरासरी सव्वातीनशेच्या वर चढते, पण बाकीच्या ११ ग्राउंडवर एकही नवीन माणूस आलेला नसतो. म्हणून एक्सेलमध्ये फक्त दोन्ही सीझनला असलेले क्लब घ्या, प्रत्येकाचे होम मॅचचे आकडे शेजारीशेजारी मांडा आणि किती क्लब वर गेले, किती खाली आले ते मोजा. माझ्या मते सगळ्या तपासणीत ही एकच गोष्ट करायची तर हीच करावी.

आकडे मांडताना एखादी अवाढव्य मॅच दिसली तर थांबा. २०१९ ला फ्रान्समधल्या पर्पिन्यांच्या कॅटलान्स क्लबने विगनविरुद्धची होम मॅच बार्सिलोनाच्या कॅम्प नोऊला खेळवली, ३१,५५५ लोक आले, मस्तच झालं ते, पण त्यावरून पर्पिन्यांमध्ये दर आठवड्याला किती लोक येतात ते कळत नाही. अशा वेळी सरासरीऐवजी मधला आकडा घ्या. ५२००, ५४००, ५६००, ५८०० आणि १८००० अशा पाच मॅच असतील तर सरासरी येते ८०००, मधला आकडा मात्र ५६००, आणि त्या क्लबचं रोजचं चित्र हेच आहे. मॅजिक वीकेंड (एकाच वीकेंडला एकाच ग्राउंडवर सगळ्या टीमच्या मॅच) आणि लास वेगासच्या मॅच तर वेगळ्याच मोजा, कारण तिथे एकाच तिकिटावर एकापेक्षा जास्त मॅच असतात, तेच लोक दोनदा मोजले जाऊ शकतात.

फिक्श्चरही बघा हं. १२ टीमच्या सुपर लीगमध्ये २७ राउंड होते, त्यात २२ मॅच सरळ होम-अवे, एक मॅजिकची आणि उरलेल्या ४ लूप मॅच, म्हणजे काही टीमशी पुन्हा एकदा, आता एखाद्याला लूपमध्ये जादा होम डर्बी (शेजारच्या टीमशी मॅच) मिळाली तर त्याचा आकडा तसाच फुगतो. त्यामुळे शक्यतो तोच प्रतिस्पर्धी आणि तोच वार धरून तुलना करा, सेंट हेलेन्स-विगन गुड फ्रायडेला असेल तर गुड फ्रायडेशीच.

तुलनेचं वर्षही नीट निवडा. २०२० आणि २०२१ ला कोविडचे निर्बंध होते, त्यावरून वाढ दाखवली तर अर्थ नाही, २०१९ घ्या. सेंट हेलेन्स २०११ चा सीझन विडनेसला खेळले आणि २०१२ ला नव्या स्टेडियममध्ये गेले, नव्या स्टेडियममुळे गर्दीत येणारी अशी उडी किती टिकली ते तिसऱ्या-चौथ्या वर्षी बघायचं.

याची उलट बाजूही आहे, ती लोक विसरतात. ग्राउंड आधीच फुल्ल होत असेल तर आकडा वाढणार कुठून? तिथे सीझन तिकिटं आणि तिकिटाचा दर बघा. आणि जाहीर झालेला आकडा विकलेल्या तिकिटांचा आहे की गेटमधून आत आलेल्यांचा, फुकट वाटलेली तिकिटं त्यात धरलीत का, हेही विचारा. क्लबच्या हिशोबात तिकिटांचं उत्पन्न वेगळं दिलं असेल तर फारच बरं, गर्दी वाढली आणि उत्पन्न जागच्या जागी राहिलं तर बहुतेक तिकिटं स्वस्तात किंवा फुकट गेलेली असतात.