ऋण सोडण्याची रीत

प्रभूची प्रार्थना घराघरांत इतकी तोंडपाठ असते की तिच्यातला एक शब्द रोज कानाजवळून निघून जातो. ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड’ (बायबल, मत्तय ६:१२). ऋण म्हटलं की वही आली, रक्कम आली, देणेकऱ्याचं नाव आलं. घरातल्या क्षमेचं गाडं बहुतेक वेळा इथेच अडतं. किती येणं आहे हे न मोजताच माणूस ‘जाऊ दे, सोडलं’ म्हणून मोकळा होतो, आणि चार महिन्यांनी कुणाच्या तरी लग्नात, जेवणाच्या पंगतीत, तेच भांडण पुन्हा वर येतं.

पुढची रीत भाऊ-भाऊ, सासू-सून, शेजारी, मंडळीतले (चर्चमधले) दोन सभासद अशा रोजच्या माणसांसाठी आहे. मारहाण आणि लैंगिक अत्याचाराला ती लागू नाही. त्याबद्दल खाली वेगळं लिहिलं आहे. ज्यांना गरज आहे त्यांनी तेच आधी वाचावं.

आधी कागद

कागद-पेन घ्या. मोबाइलवर लिहू नका. रागाच्या भरात लिहिलेलं तिथून एका बोटाने भलत्याच माणसाकडे जातं. चार गोष्टी लिहायच्या: काय झालं, कधी झालं, माझं काय गेलं, आणि गेलेल्यातलं काय परत येऊ शकतं.

‘तो कायम माझा अपमान करतो’ असं लिहिलंत तर त्यातून काहीच सोडता येणार नाही. ‘बाबांच्या स्मरणाच्या उपासनेनंतर, चहाच्या वेळी, आत्या आणि दोन्ही काकांसमोर म्हणाला की औषधपाण्याला मी एक पैसा दिला नाही. मी ४०,००० रुपये दिले होते’ ही झाली नोंद. गेलं काय? चौघांतली पत. पैसे नव्हेत, ते बाबांसाठी होते आणि बाबांवर खर्च झाले. परत काय येऊ शकतं? त्याच आत्या-काकांसमोर एक खुलासा. एवढं लिहून झालं की पुष्कळांच्या लक्षात येतं की आपण इतके दिवस पैशांवरून धुसफुसत होतो आणि हवी होती ती दोन वाक्यं.

एका माणसाच्या नावावर एका वेळी तीनच नोंदी. तीस लिहायला लागलात तर तुम्ही खटल्याची तयारी करताय, ऋण सोडण्याची नाही.

मग पान उलटा आणि पाठीमागे त्याचं तुमच्याकडे असलेलं येणं लिहा. कुसळ-मुसळाची म्हण सगळेच वापरतात, पण मत्तय ७:३-५ मध्ये कामाचा क्रम सांगितला आहे: आधी स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ, मग भावाचं कुसळ. पाठीमागची बाजू कोरी राहिली तर पेन ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बसा.

५०,००० आणि ३,००० कोटी

निर्दय चाकराचा दाखला (मत्तय १८:२३-३५) उपदेशात शंभरदा ऐकलेला असतो, पण त्यातले आकडे क्वचितच कुणी मांडून दाखवतं. राजाने ज्याचं देणं माफ केलं त्याच चाकराने आपल्या सोबत्याचं देणं मात्र सोडलं नाही, अशी ती गोष्ट. मूळ ग्रीकमध्ये चाकराचं राजाला देणं १०,००० तालंत आहे आणि सोबत्याचं चाकराला देणं १०० दिनार. दिनार म्हणजे मजुराचा एक दिवसाचा रोज; मत्तय २०:२ मध्ये द्राक्षमळ्याचा मालक तोच ठरवतो. एक तालंत साधारण ६,००० दिनारांचा. आज रोज ५०० रुपये धरला तर सोबत्याकडचं येणं ५०,००० रुपये होतं, आणि चाकराला राजाने माफ केलेलं ३,००० कोटी. चाकराने वर्षाला ३०० दिवस राबून सगळी मजुरी राजाला दिली असती तरी २ लाख वर्षं लागली असती.

उपदेशक इथे थांबतात आणि मोठ्या आकड्यावर बोट ठेवतात. ते बरोबरच आहे. पण लहान आकड्याकडेही बघा. ५०,००० रुपये म्हणजे चिल्लर नव्हे, चार महिन्यांची कमाई आहे. दुखावलेल्या माणसाला ‘एवढंसं तर झालं, मोठ्या मनाने सोड’ असं सांगणारा हा दाखला चुकीचा वाचतो. येणं खरं आहे, जड आहे, आणि ते तसं आहे हे मान्य करूनच सोडायचं आहे.

आठवडाभर राग देवापुढे

कागद झाला की लगेच भेटायला धावू नका. सात दिवस, रोज दहा मिनिटं, दार लावून, मोठ्याने स्तोत्र वाचा. पहिले तीन दिवस स्तोत्र १३. सहाच ओव्या आहेत आणि सुरुवातीलाच ‘कोठवर?’ हा प्रश्न चार वेळा येतो. पुढचे तीन दिवस स्तोत्र ५५. त्यात घाव शत्रूने घातलेला नाही, बरोबर देवाच्या घरी जाणाऱ्या जिवलगाने घातला आहे (१२-१४). काहींना असं रागावून प्रार्थना करणं पाप वाटतं. मग ही स्तोत्रं शास्त्रात कशाला आहेत? स्तोत्र ८८ तर अंधारातच संपतं, शेवटी गोड वळण नाही. ज्या दिवशी आशा अजिबात वाटत नाही त्या दिवशी तेच वाचावं, उसनी आशा तोंडात घालून घेऊ नये.

सातव्या दिवशी त्या माणसासाठी मागायचं (मत्तय ५:४४). ‘प्रभू, त्याचं भलं कर’ हे फार गुळमुळीत आहे, त्यामागे राग सहज लपतो. त्याच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी मागा, त्याच्या मुलीच्या दहावीसाठी मागा. नाव घेऊन, गोष्ट सांगून. ओठांतून निघत नसेल तर भेटीची वेळ आलेली नाही. आणखी आठवडाभर स्तोत्र ५५.

भेट

मत्तय १८:१५-१७ मध्ये तीन पायऱ्या आहेत: आधी दोघंच, मग एक-दोन जण सोबत, मग मंडळी. आपल्याकडे प्रवास उलटा होतो. आधी मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक सूचक वचन पडतं, मग पाळकसाहेबांच्या बायकोला कळतं, आणि ज्याच्याबद्दल आहे त्याला सगळ्यांत शेवटी.

दोघंच म्हणजे दोघंच. उपासना सुटल्यावर चर्चच्या आवारात नको, तिथे दहा कान असतात. सणाच्या दिवशी नको, जेवणाआधी नको, रात्री तर नकोच. ‘सूर्य मावळेपर्यंत राग ठेवू नका’ (इफिस ४:२६) या वचनापायी नवरा-बायको रात्री दोन वाजेपर्यंत वाद घालत बसतात आणि झोपेअभावी तिसरंच काहीतरी बोलून जातात. ‘मला राग आलाय, पण मी कुठे जात नाही. उद्या संध्याकाळी सहाला बोलू’ एवढं बोललं तरी त्या दिवसापुरतं पुरतं. मात्र सहा वाजता खरंच बसायचं.

बोलणं चार वाक्यांचं असावं: “दादा, बाबांच्या स्मरणाच्या दिवशी तू औषधाच्या पैशांबद्दल बोललास. ते खरं नव्हतं. मला फार लागलं. तुझ्या मनात काय होतं ते मला ऐकायचंय.” मग गप्प बसा. इथे बहुतेकांचा तोल जातो. गप्प बसवत नाही म्हणून पाचवं वाक्य येतं, त्यात वहिनी येते, वहिनीचं माहेर येतं, आणि २००९ ची दिवाळीही.

तो ऐकेना तर दुसरी पायरी. सोबतीला नेलेला माणूस दोघांनाही मान्य हवा. तुमच्या बायकोचा भाऊ नको, तुमचं देणं लागणारा तर अजिबात नको. मध्यस्थ कसा असावा याचा वस्तुपाठ फिलेमोनाच्या पत्रात आहे: फिलेमोनाचा पळून गेलेला दास अनेसिम याला परत पाठवताना पौल नुसता उपदेश करत नाही, ‘त्याचं काही देणं असेल तर माझ्या नावावर मांड, मी फेडीन’ असं स्वतःच्या हाताने लिहून देतो (१८-१९). ‘झालं गेलं गंगेला मिळालं’ म्हणत दोघांचे हात एकमेकांच्या हातात देणारे वडीलधारे आपल्याकडे पुष्कळ. खिशात हात घालणारे कमी.

माफी मागायची तुमच्यावर वेळ आली तर

‘जर तुला वाईट वाटलं असेल तर सॉरी’ यात चूक त्याच्या वाटण्यावर ढकलली जाते. ‘जर’ आणि ‘पण’ हे दोन शब्द काढून टाका. काय केलं ते नाव घेऊन सांगा, त्याचं काय गेलं ते सांगा, काय भरून देणार ते तारखेसकट सांगा. ‘आता मला माफ कर ना’ असा हट्ट धरू नका. त्याला त्याचे सात दिवस लागतील.

भरपाईला शास्त्रात माप आहे. गणना ५:७ प्रमाणे मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा. २०,००० बुडवले असतील तर २४,०००. जकातदार जक्कयाने तर चौपट देण्याचं कबूल केलं (लूक १९:८). एकरकमी जमत नसेल तर महिन्याला २,००० चे १२ हप्ते, ठरल्या तारखेला, आठवण करून द्यायला न लावता. चारचौघांत बदनामी केली असेल तर कबुलीही त्याच चारचौघांत.

कॅथलिक घरांत एक पळवाट दिसते: फादरांकडे पापनिवेदन झालं, म्हणजे फिटलं. तिथे सांगितलेलं फादर कुणाला सांगणार नाहीत, तो नियम अभंग आहे. पण चोरलेलं परत करण्याची जबाबदारी पापक्षमेनंतरही तुमच्याच डोक्यावर राहते.

सोडताना काय सुटत नाही

जमिनीच्या वाटणीत ही गल्लत सर्रास होते. भावाला क्षमा केली म्हणजे बहिणीने हक्कसोडपत्रावर सही करावी, असं घरचे गृहीत धरतात आणि वर वचनं ऐकवतात. क्षमा प्रार्थनेत होते. हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नोंदवावं लागतं, आणि एकदा नोंदवलं की मागे फिरणं फार अवघड. दोन्ही कामं एका दिवशी करू नका. हक्क सोडायचाच असेल तर राग शमल्यावर, वकिलाला दाखवून, स्वखुशीने. हातउसन्या पैशांचंही तसंच: वसुलीचा दावा साधारण ३ वर्षांच्या आत लावावा लागतो, म्हणून मागायचे की सोडायचे हे त्याआधी ठरवा. सोडायचे ठरले तर त्याला स्पष्ट सांगा, ‘ते १५,००० आता देऊ नकोस.’ मनातल्या मनात सोडलेले पैसे प्रत्येक भेटीत चेहऱ्यावर दिसतात.

विश्वासही आपोआप परत येत नाही, आणि तो लगेच दाखवणं हे काही पुण्य नाही. मिसरात अधिकारी झालेल्या योसेफाने, त्याला विकून टाकणाऱ्या भावांना ओळखलं तरी ओळख दिली नाही. शिमोनाला अडकवून ठेवलं, बन्यामिनाला आणायला लावलं, त्याच्या गोणीत प्याला ठेवला; यहूदा धाकट्याच्या जागी स्वतः गुलाम व्हायला तयार झाला तेव्हाच योसेफाने रडत ओळख दिली (उत्पत्ती ४२-४५). दारूपायी पगार उडवणाऱ्याला क्षमा करा, पण एटीएम कार्ड तुमच्याकडेच राहू द्या.

आता मारहाणीबद्दल. नवरा मारतो त्या बाईला ‘सत्तर वेळा सात क्षमा कर’ (मत्तय १८:२२) ऐकवून परत घरी पाठवू नये. आधी तिला सुरक्षित जागी न्या. तातडीसाठी ११२, महिलांच्या मदतीसाठी १८१. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली तिला संरक्षणाचा आदेश आणि राहत्या घराचा हक्क मागता येतो. क्षमा करायची का आणि कधी, हे तिचं ती ठरवेल. मंडळीने तिच्यासाठी तारीख काढू नये. मुलावर किंवा मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर ते पोलिसांना कळवणं २०१२ च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे, आणि न कळवणं गुन्हा आहे. हेल्पलाइन १०९८. मंडळीच्या कमिटीत बसून ‘मिटवण्याचा’ अधिकार कुणालाच नाही.

राग परत येतो तेव्हा

येणारच. सत्तर वेळा सात हे नेहमी नव्या अपराधांसाठी आहे असं नाही. एकच अपराध मनात सत्तरदा उभा राहतो आणि दर वेळी सोडावा लागतो. अशा वेळी नवी नोंद लिहू नका. जुनाच कागद काढा (सोडलं त्या दिवशीच त्यावर तारीख टाकून ठेवायची), सोडल्याची तारीख वाचा, खाली आजची तारीख टाका. तारखांमधलं अंतर वाढत जातंय का, एवढंच बघायचं.

समोरच्यालाही पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. याकोब मिसरात १७ वर्षं जगला आणि वारला, तेव्हा भावांना परत धास्ती बसली की आता योसेफ उट्टं काढणार. त्यांचा निरोप ऐकून योसेफ रडला आणि तेच पुन्हा बोलला: भिऊ नका (उत्पत्ती ५०:१५-२१).

माणूस वारला असेल तर कागद तसाच लिहा आणि तिसरी ओळ नीट भरा, चौथीपुढे ‘काही नाही’ लिहा. २ नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, पुष्कळजण कबरीवर मेणबत्ती लावायला जातातच. तिथे तो कागद हळू आवाजात वाचता येतो. सोबत कुणाला नेऊ नका.

आणि रविवारी: मिस्सेत (कॅथलिक उपासनेत) प्रभूच्या प्रार्थनेनंतर, ख्रिस्तशरीर घेण्याआधी, शेजारच्याला शांती देतात. भेट झालेली असेल पण बोलणं अजून अवघडलेलं असेल, तर त्या दिवशी त्याच्या मागच्या बाकावर बसा. तो वळेल, तुम्ही हात जोडाल. काही बोलायची गरज नाही.